दाराची फट: सोलापुरातल्या एका एमजीबीच्या गंजाचं प्रकरण

तक्रार अगदी साधी होती. गाडीचं डावं दार लावताना ते किंचित उचलून लावावं लागत होतं. मामा म्हणाले, बिजागरी झिजली असेल, वॉशर टाकून घेऊ. त्यांनी तसा एक वॉशर आधी टाकूनही घेतला होता. तीन महिन्यांत दार पुन्हा घासायला लागलं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं मुलांना फायलिंग आणि वेल्डिंग शिकवलंय. त्यामुळे घरात कुठलीही लोखंडी वस्तू बिघडली की दोष माझ्याकडेच येतो.

गाडी १९६६ ची एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची, तारांच्या चाकांची, १७९८ सीसीचं इंजिन. गल्लीतली पोरं विचारतात, ‘ही हेक्टरवाली कंपनी का?’ नाव तेच, पण ही इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली. १९६२ ते १९८० या काळात हे मॉडेल पाच लाखांहून जास्त निघालं. मामांनी ती १९८१ साली मुंबईत घेतली. त्या काळी परदेशी वकिलातीतला माणूस बदली होऊन गेला की त्याची गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची आणि पुढे हातोहात फिरायची. मामा तिचे तिसरे भारतीय मालक. पुढची तेवीस वर्षं गाडी माहीमला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली होती. २००४ मध्ये ती मामांबरोबर जुळे सोलापुरात आली.

ज्याला सांगावं तो विचारतो, सोलापुरात गाडी गंजते कशी? इथं पाऊस मोजून पडतो, मेमध्ये पारा त्रेचाळीसला टेकतो, दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की गंज माहीमहून आला, सोलापूरनं त्याला फक्त आणखी मुदत दिली. पत्र्याच्या जोडांत शिरलेलं समुद्राचं मीठ हवा बदलल्यानं निघून जात नाही. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि एरवी कोरड्या वाटणाऱ्या हवेतही आतल्या आत काम चालू ठेवतं.

मी आधी बिजागरीकडे पाहिलंच नाही. ड्रिल बिटांच्या मागच्या गुळगुळीत दांड्या घेतल्या आणि दार व मागच्या मडगार्डमधल्या फटीत एकेक घालून पाहिली. वर २ मिलिमीटरची जेमतेम गेली. खाली ७ ची सैल पडत होती. ही फट वरपासून खालपर्यंत सारखी, साडेचार-पाचच्या घरात असायला हवी. वर मिटलेली आणि खाली उघडलेली फट म्हणजे दार सुटलेलं नाही, गाडी मध्ये बसली आहे.

याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. हिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. त्यात वर छप्परही नाही. चपलांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं कसं पिळतं ते आठवा. छप्पर नसलेल्या या गाडीचा सगळा ताठपणा मधल्या बोगद्यावर आणि दोन्ही दारांखालच्या पोकळ पेटीवर असतो. या पेटीला सिल म्हणतात. आम्ही पहिल्या दिवसापासून तिला उंबरा म्हणतो. उंबरा बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत तीन आहेत: बाहेरचा, आतला, आणि त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला पडदा. या तिघांच्या खालून, सिलच्याही पुढेमागे, आडवी जाणारी एक पट्टी असते. तिचा छेद किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा वर-खाली वाकवलेला असतो, म्हणून तिला कॅसल रेल म्हणतात. बाहेरचा पत्रा तेवढा दिसतो. वजन मात्र तिन्ही पत्रे आणि ही रेल मिळून पेलतात.

रुमालात लोहचुंबक गुंडाळून मी तो डाव्या उंबऱ्यावरून फिरवला. पुढे चिकटला, मध्ये चिकटला, मागच्या चाकापुढच्या खालच्या कोपऱ्यावर आला आणि थेट माझ्या पायावर पडला. तिथं छिन्नी लावली. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली फायबरची जाळी, जाळीखाली पुन्हा पुट्टी. सगळा थर पट्टीनं मोजला तर ११ मिलिमीटर. त्याच्या मागे पोकळीत वर्तमानपत्राचा बोळा, पुट्टी आत पडू नये म्हणून कोंबलेला. त्यावरचे शेअरबाजाराचे आकडे अजून वाचता येत होते. हे काम मुंबईतल्या ज्या गॅरेजमध्ये झालं त्याचं मामांनी तेव्हा कौतुक केलं होतं. काम दोन दिवसांत, आणि रंग असा जुळवला की सांधा सापडू नये. सांधा खरोखरच सापडत नव्हता.

पुढे आणखी एक करामत निघाली. बाहेरचा पत्रा कापला तर त्याच्या मागे दुसरा बाहेरचा पत्रा! जुना सडका सिल तसाच ठेवून वरून नव्या पत्र्याचं कव्हर चढवलं होतं. रंगाखाली ते नव्यासारखं दिसतं, पण दोन पत्र्यांच्या चिमटीत पाणी अडकतं. त्या फटीत प्राणवायू कमी पोहोचतो, कडेला जास्त. अशा वेळी फटीच्या आतलं लोखंड झिजायला लागतं, आणि मीठ असेल तर भराभर झिजतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो स्पॉट-वेल्ड केलेले जोड पाचरीसारखे उकलत जातो. आमच्या गाडीत मधल्या पडद्याचा खालचा सहा सेंटिमीटरचा पट्टा नव्हताच. आतल्या सिलची खालची कड चाळणी झाली होती. कॅसल रेल चाळीस सेंटिमीटरभर गायब, आणि फ्लोअरचा पत्रा कडेला मांड्याच्या पापुद्र्यासारखा सुटत होता. थोडक्यात, डावी बाजू पुट्टी आणि सवयीवर उभी होती.

पाणी कुठून येतं हे शोधल्याशिवाय पत्रा बदलण्यात अर्थ नव्हता. एक वाट काचेपुढच्या जाळीतून होती. आतल्या हवेच्या पेटीला तळाशी निचऱ्याची रबरी नळी असते, ती कडुलिंबाच्या पानांनी गच्च बसली होती. दुसरी पुढच्या चाकामागे. तिथल्या आडोशाच्या पत्र्याचं रबर केव्हाच मेलं होतं आणि मडगार्डच्या आत चिखलाचा घट्ट गोळा साठला होता. काढून तराजूत टाकला तर पावणेदोन किलो, आणि मार्गशीर्षातही आतून दमट! तिसरं कारण स्वतः मामा. दर रविवारी बोअरच्या पाण्यानं गाडी धुणं हा त्यांचा नेम. ते पाणी इतकं जड की बादलीत पांढरा थर बसतो. त्यातलं थोडं कार्पेटखालच्या नमद्यात मुरायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथंच राहायचं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे वीस वर्षं मीच तिला पाणी पाजलं म्हण की.’

काय करायचं यावर घरात दोन आठवडे खल झाला. पुण्यातल्या एका गॅरेजनं फोटो पाहूनच जो आकडा सांगितला त्यात मामींनी दोन खोल्या वाढवल्या असत्या. मामांचं मत होतं, पुन्हा कव्हर चढवून रंग मारू, माझं असं किती दिवस चालवायचं राहिलंय? मी ते धुडकावून लावलं. शेवटी असं ठरलं की वेल्डिंग मी करणार आणि पत्रे वाकवून देणार अण्णा. अण्णांचं फॅब्रिकेशनचं दुकान पूर्व भागात आहे. यंत्रमागाची गार्डं आणि लोखंडी कपाटं यांत त्यांचा जन्म गेला. घरी तेलुगू, दुकानात सोलापुरी मराठी, शिव्या कानडीत.

बाहेरच्या सिलला जी लांब वळणदार गोलाई असते ती कपाटाच्या बेंडिंग मशीनवर येत नाही. ते दोन पत्रे ब्रिटनहून मागवले. एमजीबीचे पत्रे आजही मिळतात हे पुष्कळांना खरं वाटत नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेजनं तर जुन्या साच्यांवरून १९८८ पासून अख्खा सांगाडाच पुन्हा बनवायला घेतला होता. भाडं आणि कस्टम ड्युटी धरून किंमत जवळजवळ दुप्पट झाली, पण तिथं कंजुषी केली असती तर पस्तावलो असतो. पडदा, कॅसल रेल आणि फ्लोअरचे तुकडे मात्र सोलापुरातच झाले. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा सीआर (थंड लाटलेला, साधा पोलादी) पत्रा, आठ बाय चार फुटांचा, वजन अठ्ठावीस किलो. गॅल्वनाइज्ड पत्रा घ्या, गंजणार नाही, असं दोघातिघांनी सुचवलं. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की जो पांढरा धूर निघतो त्यानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर्कशॉपमध्ये मी तो एकदा अनुभवलाय. पुन्हा नको.

गड्डा यात्रेचे मुख्य दिवस आटोपले आणि २० जानेवारीला काम सुरू झालं. पेट्रोलची टाकी आधी उतरवली, ती टाकी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. सीट, कार्पेट, नमदा, सगळं बाहेर. सीटमागच्या पेट्यांतल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढल्या. पुढे आणि मागे भक्कम जागा बघून चार घोड्या लावल्या. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या भोकांपासून कुलपाच्या खांबापर्यंत, पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा तिरपा आधार बसवला, कारण उंबरा कापला की गाडी मध्येच मोडू शकते. कुठल्याही पुस्तकात हेच सांगितलेलं असतं, आणि मी ते अगदी आज्ञाधारकपणे केलं.

इथं माझी चूक झाली. या सगळ्या प्रकरणातली ही मुख्य चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नऊ दिवसांत सडका भाग कापला, नवी कॅसल रेल आणि पडदा बसवला, बाहेरचा सिल चिमटे लावून टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारून घेतला. दिसायला इतकं सुरेख की मामांनी फोटो काढून मुंबईच्या मित्रांना पाठवले. मग आधार काढला आणि दार चढवलं. ते लागेना! वरची फट दोनवरून दीडवर आलेली. दार मागच्या मडगार्डवर सरळ घासत होतं.

मामा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, ‘अरे, उन्हानं पत्रा फुगला असेल. सकाळी बघ.’ तसा हिशेब करता येतो. पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. सकाळ-दुपारचा फरक वीस अंश धरला, तर मीटरभर दाराला पाव मिलिमीटर. आमची गडबड त्याच्या दहापट होती. ऊन निर्दोष होतं.

संध्याकाळी अण्णा आले. दाराकडे त्यांनी पाहिलंही नाही. खिशातून मागाच्या सुताची गुंडी काढली आणि उजव्या, त्या मानानं शाबूत बाजूच्या कॅसल रेलखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून धरायला लावलं. दोन्ही टोकांना सूत आणि रेल यांत सारखं अंतर ठेवलं. मध्ये मात्र रेल सुताकडे झुकलेली, पोट सुटल्यासारखी. मोजलं, चार मिलिमीटर.

‘टेकू कुठं देलालाव सर तुम्ही? पुढं आन् मागं. मधलं वझं कुणी उचलायचं?’

‘आधार लावला होता की अण्णा.’

‘लावला. पण वाकलेल्या म्हशीला लावला. आता ती तशीच वाकून ऱ्हाती.’

त्या क्षणी मला कळलं की नऊ दिवस मी काय केलं होतं. गाडी वर्षानुवर्षं मध्ये खचत होती. मी तिला त्याच खचलेल्या अवस्थेत पाइपनं जखडली, घोड्या टोकांना देऊन आणखी थोडी खचू दिली, आणि त्या आकारात नवं कोरं पोलाद वेल्ड करून बसलो. आधारानं आपलं काम चोख केलं. जे होतं ते त्यानं हलू दिलं नाही. जे होतं तेच चुकीचं होतं. शिवाय आधार बिजागरीच्याच भोकांत असल्यामुळे मध्ये दार चढवून बघायची सोयही मी माझ्या हातानं बंद केली होती.

चौतीस टॅक ग्राइंडरनं कापले. फार आवाज झाला, फार कोणी बोललं नाही.

दुसऱ्या खेपेला क्रम उलटा. सिल मोकळा, दार जागेवर, काच वर केलेली. फ्लोअरखालच्या आडव्या तुळईला टेकेल असा सागवानी वासा रुंदीभर घातला, त्याखाली बाटली जॅक, आणि अर्धा-अर्धा पंप. प्रत्येक पंपानंतर ड्रिलच्या दांड्या. वर दोन, अडीच, तीन. खाली सात, साडेसहा. तीनच्या पुढे उजवीकडून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि आम्ही तिघंही थिजलो. उजव्या बाजूच्या कव्हरचा एक जुना वेल्ड सुटला होता, बाकी काही नाही. वर चार आणि खाली पाच झाल्यावर मी थांबलो. अण्णांना अगदी सारखी फट हवी होती. मला नको होती. काचेची चौकट आणि उजवी बाजू त्या खचलेल्या आकाराला वर्षानुवर्षं सरावलेली. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी ताण दिला असता तर तो दुसरीकडे कुठंतरी फुटला असता. दोन दिवस गाडी तशीच ठेवली, पुन्हा मोजली, चार-पाच कायम. मगच आधार लावला, तोही या वेळी केबिनच्या आतून, खांबाला टॅक मारून, म्हणजे दार रोज चढवता येईल. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दार चढवायचं, वरची-मधली-खालची फट वहीत लिहायची. वही मामांकडे.

कापायचं किती, हा दुसरा अवघड प्रश्न. वेल्डिंगपेक्षा हा जास्त छळतो. चांगल्या पत्र्यावर हातोडीचा नाद खणखणीत येतो, सडक्यावर बद्द. पण मधल्या पट्ट्यावर कान फसतो. मी असं ठरवलं होतं: वायर ब्रशनं पत्रा चकचकीत करायचा, काळे ठिपके उरले तर आणखी एक इंच मागे जायचं. तरीही चुकलं तर वेल्डिंग स्वतःच सांगतं. साठेक अँपिअरवर, ०.८ च्या तारेनं चांगला पत्रा टाका धरतो. आतून खाल्लेला पत्रा क्षणात विरघळून भोक पाडतो. भोक भरत बसू नये, तिथंही मागे जावं. एका जागी मी हट्टानं भरत बसलो. रुपयाएवढं भोक ताटलीएवढं झालं.

बाहेरचा सिल पुढे आणि मागे मडगार्डच्या पत्र्यामागे जातो. तिथवर पोचायला दोन्ही मडगार्डांचा खालचा दहा सेंटिमीटरचा भाग कापावाच लागतो. नवा सिल दाराच्या लांबीएवढाच कापून दोन मडगार्डांच्या मध्ये बसवायचा, हा शॉर्टकट सर्रास केला जातो. तो वरून ओळखू येत नाही. पण सिलची दोन्ही टोकं, जिथं खरा भार जातो आणि खरा गंज असतो, तीच सोडून दिली जातात.

कारखान्यात हे पत्रे स्पॉट-वेल्डनं जोडले होते. घरी ते मशीन नसतं. वरच्या पत्र्याला दर इंचाला सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं, दोन्ही पत्रे चिमट्यानं घट्ट दाबायचे, आणि भोकातून खालचा पत्रा पकडत ते भरून काढायचं. जोडाच्या आतल्या अंगाला आधी जस्तयुक्त, वेल्डिंग चालणारा प्रायमर. गाडीवर हात लावण्याआधी रोज सकाळी मी दोन कपटे असे जोडायचो आणि छिन्नीनं उपटायचो. खालच्या पत्र्याचा तुकडा उचकटून टाक्याबरोबर आला तर मशीन बरोबर लावलंय. टाका बटणासारखा सुटून आला तर तार, करंट पुन्हा बघायचं. संध्याकाळी मागांची गर्दी वाढली की व्होल्टेज पडतं, तेव्हा बटणंच यायची. मग वेल्डिंग सकाळी सहा ते दहा.

एप्रिलमध्ये शेडमध्ये बसवेना. मामींनी मायेनं कूलर आणून ठेवला. त्या दिवशी टाक्यांत टाचणीच्या टोकासारखी छिद्रं यायला लागली. तासभर मी तार, गॅस, नळी तपासत बसलो. कूलरचा वारा सीओटू गॅस उडवून नेत होता आणि वितळलेलं लोखंड उघड्या हवेला लागत होतं. कूलर बंद केला, छिद्रं बंद. जेवायला जाताना मामींनी तो पुन्हा चालू केला, शेड थंड राहू दे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सिलवर सगळीकडे केशरी धूळ, आणि मधोमध माझ्या उजव्या तळव्याचा पूर्ण ठसा, पाचही बोटांसकट, गडद तपकिरी. वास्तविक सोलापूरच्या उन्हाळ्यात उघडा पत्रा चार-चार दिवस कोरा राहतो, मुंबईत तो एका रात्रीत लाल होतो. पण कूलर बोअरच्या खारट पाण्याचे तुषारच फेकतो, आणि घामातही मीठच. शेडपुरतं आम्ही माहीम तयार केलं होतं. सगळं पुन्हा घासलं, थिनरनं पुसलं. पुढे हातमोजे सक्तीचे.

सुट्या भागांचा गंज मळीनं काढला, त्याबद्दल लोक फार विचारतात. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, पण कारखान्यातून मळी उचलायला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, तिकडे जाऊ नका. दूधवाल्याकडे पशुखाद्यात मिसळायची होती, त्यातली थोडी मिळाली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, निळ्या पिंपात. बिजागऱ्या, सीटच्या पट्ट्या, बंपरचे ब्रॅकेट बारा दिवस बुडवले. मळीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून पाण्यात सोडतात, चांगल्या पोलादाला फारसं शिवत नाहीत. निघाले ते राखाडी, मऊ, कोऱ्यासारखे. अ‍ॅल्युमिनियम मात्र त्यात टाकू नये. या गाडीचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याच्या बिजागऱ्या आधी सुट्या करून घ्याव्या लागल्या. वासाबद्दल इतकंच सांगतो की आठव्या दिवशी शेजाऱ्यांनी, मेलंबिलंय का काही, असं विचारलं.

डावी बाजू एप्रिलअखेर संपली. उजवी सोळा दिवसांत. तिथं सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं.

रंगाचं काम पेंटरला दिलं, कारण टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, पेंटला जो मास्क आणि जी बंदिस्त जागा लागते ती आमच्याकडे नव्हती. मूळ रंग, मूळ घडण. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत सांगाडा मुळाबरहुकूम असावा अशी अट आहे. म्हणून कापण्याआधीचा आणि नंतरचा प्रत्येक भाग पट्टी ठेवून फोटोत धरलाय. आत रेड ऑक्साइड न मारता इपॉक्सी प्रायमर मारला. रेड ऑक्साइड नुसताच ठेवला तर पाणी शोषतो, हे इथल्या निम्म्या डेंटरांना पटत नाही.

उंबऱ्याच्या पोकळीत मेण मारायला मात्र आम्ही मुद्दाम मे महिना निवडला. दुपारी दोनला गाडी उन्हात ढकलली. तासाभरानं पत्र्याला हात लावता येईना. मग निचऱ्याच्या भोकांतून लांब नळी आत सारून कॅव्हिटी वॅक्स फवारलं. थंड हवेच्या देशात ते आधी गरम करून घ्यावं लागतं, इथं गाडीच तवा झालेली. मेण पातळ होऊन जोडांच्या फटींत शिरलं, आणि पुढचे चार दिवस खालच्या भोकांतून टपटपत राहिलं. टपकलं याचा अर्थ भोकं उघडी आहेत. मामींची फरशी गेली, तिचा हिशेब वेगळा.

मशीन, पत्रे, ड्युटी, गॅस, रंग मिळून एक लाख ब्याऐंशी हजार झाले. अण्णांनी मजुरी घेतली नाही. एका रविवारी अक्कलकोटपर्यंत चक्कर मागितली, आणि टप उघडाच ठेवायला लावला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर फोनला जोडायचा छोटा कॅमेरा भोकांतून आत घालून पाहिलं. डावीकडे सगळं मेणानं झाकलेलं. उजवीकडे मागच्या टोकाला एका टाक्याच्या कडेला नखाएवढा केशरी डाग. तिथं नळी पोचली नव्हती. ब्रशनं खरवडून, पुन्हा मेण. ऑक्टोबरमध्ये डाग वाढलेला नव्हता.

सीटमागची बॅटरीची डावी पेटी अजून तशीच सडकी आहे. उजवीत एक बारा व्होल्टची बॅटरी बसवून काम चालवलंय. रविवारचं धुणं बंद झालं, आता ओल्या फडक्यानं पुसतात. काचेपुढच्या जाळीतली लिंबाची पानं मामा रोज सकाळी चिमट्यानं काढतात. वहीतली शेवटची नोंद दिवाळीची: डावं दार वर ४, मध्ये ४.५, खाली ५. उजवं वर ४.५, खाली ५. त्याखाली मामांच्या अक्षरात, ‘न उचलता लागते.’